रंगपेटी काय फक्त पोरांची?

हरसूलला खालाच्या घरी गेलं की चहाच्या आधी ती वही पुढे करते. मुलांची असते तशीच वही. पातळ कागद, मुखपृष्ठावर फुगा धरलेलं अस्वल. आत आंब्याचं झाड, होडी, डोंगरामागचा सूर्य. आंब्याच्या पानांत तीन वेगवेगळे हिरवे भरलेत. होडीला गेरूचा रंग. झाडावरची पाखरं मात्र पांढरीच सोडलेली. खालाचं वय सत्तरीच्या पुढे, शिक्षण चौथी. वही तिची स्वतःची आहे. नातवंडांना ती हात लावू देत नाही.

शेजारीण दर वेळी तेच विचारते, "क्या खाला, इस उमर में बच्चोंका खेल?"

खालाचं उत्तरही ठरलेलं. "बच्चे कहाँ खेलते अब? मोबाइल देखते. किसी को तो खेलना पडेगा."

हसण्यावारी जातं ते. पण शेजारणीचा प्रश्न एकटीचा नाही, आपल्या सगळ्या समाजाचा आहे. मोठ्या माणसाने, त्यातही मुसलमान घरातल्या मोठ्या बाईने, खडू घेऊन रंग भरत बसावं का? एकेकाळी मीही तोंड लपवून हसलो होतो. आज माझं मत वेगळं आहे आणि ते कसं बदललं, हे सांगण्यासाठी हा लेख.

दंगलीनंतरची दुपार

हरसूल हे नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं बाजाराचं गाव. भोवती कोकणा, वारली, महादेव कोळी यांचे पाडे. भात, नागली, वरई ही पिकं. गावात दुकानदारी करणारी मुस्लिम घरं. जुलै २०१५ मध्ये, रमजान संपत आलेला असताना, इथे दंगल झाली. एका आदिवासी तरुणाचा मृतदेह विहिरीत सापडला होता, त्यावरून संताप भडकला. मुस्लिमांची दुकानं, घरं लुटली गेली, जाळली गेली. पोलिसांच्या गोळीबारात एका आदिवासी माणसाचा जीव गेला. कोण चुकलं, कोणी भडकवलं, यावर बरंच लिहून-बोलून झालंय. मला त्या नंतरच्या दिवसांबद्दल बोलायचंय, कारण त्यावर कोणी लिहीत नाही.

खालाचं किराणा दुकान त्यात गेलं. ती लेकासोबत नाशिकला आमच्याकडे राहायला आली. रात्री झोप नाही. गल्लीत कुणी शटर ओढलं की दचकायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप आली; हे मी लपवणार नाही. पण दिवसाचं काय? आयुष्यभर गल्ल्यावर बसलेली बाई. तिला इथे ना दुकान, ना उधारीची वही, ना स्वतःचं स्वयंपाकघर. पाहुणी म्हणून बसून राहायचं आणि लोकांनी येऊन तोच किस्सा पुन्हा विचारायचा.

माझी मुलगी तेव्हा पहिलीत होती. चित्राच्या वहीत रंग भरता भरता तिने खालाच्या हातात एक खडू दिला आणि हुकूम सोडला, "हे पान तू कर." खालाने ते पान केलं. मग पुढचं. असरची अजान झाली तेव्हा तिच्या लक्षात आलं की जोहरनंतर आपण जागचे उठलोच नाही, आणि तेवढ्या वेळात एकदाही शटरचा आवाज ऐकला नाही. दोन महिन्यांनी ती हरसूलला परतली तेव्हा पिशवीत एक नवी वही आणि खडूंची पेटी होती.

आखलेली रेघ

योगायोग असा की २०१५ हेच वर्ष जगभर मोठ्यांच्या रंगवह्यांचं वर्ष ठरलं. स्कॉटलंडची चित्रकार जोहाना बासफर्ड हिचं 'सिक्रेट गार्डन' हे पुस्तक २०१३ मध्ये आलं होतं. नुसत्या काळ्या रेघांची वेलबुट्टी, रंग तुम्ही भरायचे. पाहता पाहता त्याची लाट आली. अमेरिकेत २०१४ मध्ये अशी सुमारे दहा लाख पुस्तकं विकली गेली होती. २०१५ मध्ये हा आकडा सव्वा कोटीच्या आसपास गेला. खालाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण न्यूयॉर्कच्या लोकलमधली नोकरदार बाई आणि हरसूलची दुकानदारीण एकाच वर्षी एकच काम करत होत्या.

यामागचं कारण शोधायला गेलो तेव्हा एक जुना प्रयोग वाचनात आला. २००५ मध्ये अमेरिकेत करी आणि कॅसर या दोन मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी ८४ विद्यार्थी घेतले. आधी त्यांना आयुष्यातली एखादी भीतीची घटना आठवून लिहायला लावली. मग तीन गट केले. एकाला वर्तुळातली नक्षी रंगवायला दिली, दुसऱ्याला चौकटींची नक्षी, तिसऱ्याला नुसता कोरा कागद आणि रंग. वीस मिनिटांनी मोजमाप घेतलं. नक्षी रंगवणाऱ्या दोन्ही गटांची घालमेल बरीच उतरली. कोरा कागदवाल्यांना तसा गुण आला नाही.

मला हा कोरा कागद फार महत्त्वाचा वाटतो. आपण सहज म्हणतो, मन मोकळं करा, हवं ते काढा. भेदरलेल्या माणसाला 'हवं ते' झेपत नाही. काय काढू, कुठून सुरू करू, चांगलं येईल का, हे प्रश्न त्याच्या डोक्यावर आणखी ओझं टाकतात. आखलेली रेघ त्याला धरायला कठडा देते. कठड्याच्या आत मात्र त्याचंच राज्य. हे पान हिरवं की पिवळं, आधी कडा की आधी मधलं, खडू दाबून की हलका, हे सगळं तोच ठरवतो. ज्या बाईच्या हातून महिनाभरात एकही गोष्ट तिच्या मर्जीने घडली नव्हती, तिला त्या दुपारी शंभर छोटे निर्णय घ्यायला मिळाले आणि एकाही निर्णयाने कुणाचं नुकसान झालं नाही.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुण मुलींचे दोन गट. एकीकडे आठवडाभर रोज थोडा वेळ रंग भरणं, दुसरीकडे तर्काची कोडी सोडवणं. रंग भरणाऱ्या मुलींमध्ये उदासी आणि चिंता कमी झालेली दिसली. हे प्रयोग लहान आहेत, विद्यार्थ्यांवर केलेले आहेत, त्यावरून मोठे दावे करू नयेत. नैराश्याचा आजार असेल तर डॉक्टरकडेच जायचं. चित्रोपचार करणारे प्रशिक्षित लोकही बजावतात की बाजारातली रंगवही म्हणजे उपचार नव्हे. बरोबर आहे. चालायला जाणं म्हणजेही हृदयाचं ऑपरेशन नव्हे. म्हणून कुणी चालणं सोडत नाही.

'यात तुझं काय?'

पहिला आक्षेप कलावाल्या मित्रांचा. रेघ दुसऱ्याची, तू फक्त भरणार. यात सर्जनशील काय?

त्यांना मी अकबराच्या चित्रशाळेकडे नेतो. त्या काळच्या 'अकबरनामा'च्या चित्रांखाली कलाकारांची नावं नोंदलेली आहेत. पुष्कळ चित्रांवर दोन नावं सापडतात. एक 'तरह' करणाऱ्याचं, म्हणजे रेखाटन ज्याने केलं त्याचं. दुसरं 'अमल' करणाऱ्याचं, म्हणजे रंग ज्याने भरले त्याचं. कधी चेहरे काढणारा तिसराच. बसावन, मिस्कीन यांच्यासारखे उस्ताद आखणी करायचे, रंग दुसरा भरायचा, आणि दरबाराचा कारकून दोघांची नावं लिहून ठेवायचा. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या कारकुनाला रंग भरणाऱ्याचं नाव लिहावंसं वाटलं. आपल्याला ते पोरकाम वाटतं.

खुशखत शिकणारा विद्यार्थीही वर्षानुवर्षं उस्तादाच्या अक्षरांवर मश्क करतो. नात म्हणणारा शब्द दुसऱ्याचे घेतो, गळा आपला लावतो. रंगवहीतली एकच होडी दहा जणांना द्या, दहा होड्या होतील. खालाची होडी गेरूच्या रंगाची झाली, कारण तिने घरांच्या भिंती तशा पाहिल्यात. खरी होडी तिने पाहिलीय की नाही, कोण जाणे.

पांढरी पाखरं

दुसरा आक्षेप आपल्या घरातला, आणि तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. तसवीर. सजीवांची चित्रं काढण्याबद्दल हदीसमध्ये कडक इशारे आहेत आणि अनेक घरांत ते मनापासून पाळले जातात. खालाही त्यातलीच. पाखरं पांढरी का सोडलीस, असं विचारलं तर म्हणाली, "उन में जान डालना अपना काम नहीं."

उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत. कागदावरचं सपाट चित्र आणि मूर्ती यांत कुणी फरक करतात, कुणी करत नाहीत. लहान मुलांच्या खेळण्यांना बहुतेकांनी सूट दिलीय. मी फतवा देणारा नाही. पण दोन गोष्टी दाखवाव्याशा वाटतात. एक, सहीह बुखारीत इब्न अब्बास यांची रिवायत आहे. चित्रांवर पोट असलेला एक माणूस त्यांच्याकडे आला तेव्हा त्यांनी त्याला झाडं आणि निर्जीव वस्तू काढायची वाट दाखवली. म्हणजे दार बंद केलं नाही, दुसरं दार दाखवलं. दोन, त्याच दारातून जाऊन मुसलमान कारागिरांनी जगाला भूमितीची नक्षी दिली. औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्यात कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. ती नीट बघा. मोठ्यांच्या रंगवहीत आज जे छापलं जातं, त्याचे पूर्वज तिथे दगडात बसलेत.

काही जणांना रंगवह्यांतल्या 'मंडल' या शब्दाने अवघडल्यासारखं होतं, तो दुसऱ्या धर्मांच्या साधनेतून आलाय म्हणून. त्यांनी ती पानं उलटावीत. चौकटींच्या नक्षीनेही घालमेल उतरली होती, हे वर सांगितलंच. आणि रंग भरणं ही इबादत आहे असं मी म्हणत नाही. नमाजची वेळ झाली की खाला खडू ठेवते. तेवढी अक्कल तिला आहे, आपण शिकवायला नको.

कुणाच्याच कामाचं नसलेलं काम

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त खुपतो. "वेळ आहे ना रिकामा, मग काहीतरी कामाचं कर."

आपल्या बायकांच्या हातात कला कधी नव्हती असं नाही. मेंदी काढतात, ती नवरीच्या हातावर. कशिदा काढतात, तो लेकीच्या जहेजसाठी. गोधडी शिवतात, ती नातवासाठी. नक्षी सुंदर असते, पण तिचा मालक कायम दुसरा असतो. रंगवही ही पहिली वस्तू मी पाहिली, जी पूर्ण झाल्यावर कुणाला द्यायची नसते, विकायची नसते, कुणी मापायची नसते. म्हणूनच ती बायकांना परवानगी मागायला लावते. "जरा बसले होते," असं सांगताना त्यांचा आवाज खाली जातो.

पुरुषांचं वेगळं नाही. महाराष्ट्रात शाळेतल्या मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा असतात, त्यातल्या इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्या लोभाने आपण सगळे रंगात हात घालतो. दहावी झाली की रंगपेटी माळ्यावर. माझीही तशीच गेली. त्यानंतर हातात काय आलं? चहाच्या टपरीवर, दुकानात गिऱ्हाईक नसताना, मशिदीच्या कट्ट्यावर, सगळीकडे मोबाइल. व्हॉट्सअॅपवर कुठल्या तरी शहरातला मारहाणीचा व्हिडिओ येतो, खरा-खोटा बघायला कुणाला सवड नाही, तो पुढे जातो. भीती आणि चीड दोन्ही फुकट मिळतात आणि दिवसभर पुरतात. ज्या गावाने एकदा जाळपोळ पाहिली, तिथे ही करमणूक फार महागात पडते. वीस मिनिटं हातात खडू असला, तर निदान तेवढा वेळ अंगठा काही पुढे ढकलत नाही.

मी स्वतः रात्री इशानंतर अर्धं पान करतो. सुरुवातीला दार लावून करायचो. आता लावत नाही.

भिंत आणि वही

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, नाहीतर हा लेख बाजारात मिळणाऱ्या वह्यांची जाहिरात होईल. हल्ली त्या वह्यांत 'वारली' प्रकारही मिळतो. त्रिकोणांची माणसं, तारप्याभोवतीचा फेर, आणि आत हवे ते रंग भरा. ती वही पाहून मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. वारली चित्राला रंग एकच: तांदळाच्या पिठाचा पांढरा. खाली शेणाने सारवलेली, गेरूने लिंपलेली भिंत. टोक चेचलेली बांबूची काडी हाच कुंचला. लग्नघरात सवाष्णी जमून चौक लिहायच्या, मध्ये पालघट देवी, आणि धवलेरी गाणी म्हणायची. एकमेकींच्या साक्षीने, एका भिंतीवर. विसाव्या शतकाच्या सत्तरीत भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर गेले, त्यांनी भिंतीवरची ही कला कागदावर आणवली, आणि जिव्या सोमा मशे यांचं नाव जगभर झालं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कलेचं नाव झालं ते चांगलंच. पण बाजार आला तसे भिंतीपुढच्या बायकांच्या जागी कागदापुढचे पुरुष आले, हेही खरं.

हरसूलच्या भोवतीच्या पाड्यांवर या भिंती आहेत. मोठ्या माणसांनी काम बाजूला ठेवून रंगात हात घालणं इथे कुणी परदेशातून आणलेलं नाही. आम्ही गावातले लोक त्या भिंती बाजाराला जाता-येता पाहायचो आणि त्यांना चित्र म्हणायचं आमच्या डोक्यातही यायचं नाही. ती 'त्यांची' भिंत होती.

खालाच्या दुकानात (ते पुन्हा उभं राहिलं, आता लेक चालवतो) पाड्यावरची एक कोकणा बाई येते. मीठ, तेल, चहापत्ती नेते, मोसमात करवंदं आणते. तिने एकदा खालाची वही उलटून पाहिली. पांढरी पाखरं पाहून म्हणाली, "ही बरी सोडलीस. आमचं सगळंच पांढरं असतं." मग पुड्याच्या खाकी कागदावर बॉलपेनने तिने एक झाड काढलं. खोड सरळ, फांद्या दोन्ही बाजूंना सारख्या, पानं काड्यांसारखी. खालाने ते वहीत घालून ठेवलंय, अजून रंगवलेलं नाही. "इस में कौनसा रंग भरू, समझ में नहीं आता," म्हणते. दोन बायकांच्या या गप्पांनी २०१५ ची राख धुतली गेली, असं म्हणायचा अधिकार मला नाही. खटले, भरपाई, गेलेला माणूस, हे हिशोब खडूने मिटत नाहीत. मी एवढंच म्हणतो की त्या दिवशी दोघींनी गिऱ्हाईक-दुकानदार सोडून दुसऱ्या कशावर तरी पाच मिनिटं बोलणं केलं.

सुरुवात कशी करायची?

महागडं पुस्तक लागत नाही. मुलांची दहा-वीस रुपयांची वही आणि खडूंची पेटी पुरते. वयस्कर माणसांना जाड तेलखडू बरे, बोटं दुखत नाहीत. बारीक नक्षीसाठी रंगीत पेन्सिली. चष्मा लावा आणि उजेडात बसा. रेघेबाहेर रंग गेला तर जाऊ द्या, परीक्षा नाही.

महिनाभर दुसऱ्याच्या रेघांत हात बसला की कठडा सोडून बघा. घरात मुलांचा कंपास असेलच. एक वर्तुळ काढा, तेच अंतर ठेवून परिघावर सहा खुणा करा, प्रत्येक खुणेवरून पुन्हा कमान काढा. सहा पाकळ्यांचं फूल तयार होतं. शेजारी आणखी काढत गेलात तर पान भरून जाळी होते. एका चौकोनावर दुसरा तिरका ठेवला की आठ टोकांचा तारा होतो, आपल्या मशिदींच्या दारांवर असतो तो. आता रेघही तुमची आणि रंगही. खालानेही मागच्या हिवाळ्यात ताटलीभोवती पेन्सिल फिरवून स्वतःचं पहिलं फूल काढलं. पाकळ्या लहान-मोठ्या झाल्या. प्रत्येक पाकळीत तिने वेगळा रंग भरला.

कुरआनात सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणं ही अल्लाहची निशाणी म्हणून सांगितली आहे. तिथे रंग म्हणजे माणसांचे वर्ण, हे मला ठाऊक आहे; खडूंशी त्याचा संबंध नाही. पण एका पानावर बारा रंग शेजारी शेजारी बसवताना रोज कळतं की एकाने दुसऱ्याला पुसून टाकलं तर पान बिघडतं. दुकानाच्या गल्ल्यावर बसून आलं-गेलं पाहणाऱ्या बाईला हे आधीपासूनच माहीत असावं.

परवा फोनवर खाला म्हणाली, पिवळा संपलाय, येताना घेऊन ये. मी दोन पेट्या घेतल्यात. एक तिच्यासाठी, एक शेजारणीसाठी. घेईल की नाही बघू.